'पितर', 'पूर्वज' की 'वाडवडील'? कुलवृत्तांताच्या अर्पणपत्रिकेसाठी शब्द हवा आहे

वंशवेल यांचा प्रश्न

सर्व जाणकारांना नमस्कार. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायचे काम गेली तीन वर्षे चालू आहे आणि आता मजकूर छापखान्यात जाण्याच्या बेतात आहे. सात पिढ्यांची वंशावळ, शक्य तिथे जन्ममृत्यूच्या तिथी, कोण कोणत्या गावी गेले, कोणी जमीन घेतली, कोणी विकली, असा सगळा तपशील त्यात आहे. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडील जुन्या वहीतून आम्हांला पाचव्या पिढीपर्यंतची नावे मिळाली. त्या वहीत आमच्या खापरपणजोबांनी स्वतःच्या हाताने मोडीत लिहिलेल्या तीन ओळी आहेत. त्यांचे छायाचित्र पुस्तकाच्या पहिल्या पानावर घ्यायचे ठरले आहे आणि त्या छायाचित्राखालीच अर्पणपत्रिका येणार आहे.

अर्पणपत्रिकेचा मसुदा मी असा केला होता : 'आमच्या सर्व पितरांना सविनय अर्पण.' हा मसुदा मी घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला, म्हणजे माझ्या चुलत्यांना वाचायला दिला. त्यांचे वय 88 आहे. त्यांनी शिसपेन्सिलीने 'पितरांना' या शब्दाभोवती गोल केला आणि समासात लिहिले, 'पुस्तकात हयात माणसेही आहेत. शब्द बदलावा.' मी तो शब्द आदराने वापरला होता, पण त्यांची ती टीप वाचली तेव्हा या शब्दाचा आपण कधी नीट विचारच केलेला नाही, हे माझ्या लक्षात आले.

तेव्हापासून मनात प्रश्न येत आहेत. 'पितर' हा शब्द केवळ दिवंगतांसाठीच आहे का? तसे असेल, तर 'पिता' या शब्दाशी त्याचे नाते कसे लावायचे, कारण पिता तर हयात असू शकतो? त्यात स्त्रिया येतात का? आमच्या पणजीने वैधव्यात तीन मुले वाढवली आणि गहाण पडलेले शेत सोडवले. तिच्यापर्यंत न पोहोचणारा शब्द मला पहिल्या पानावर नको आहे. 'पूर्वज' हा शब्द निर्दोष वाटतो, पण त्यात मला शाळेच्या पाठ्यपुस्तकाचा कोरडेपणा जाणवतो. 'वाडवडील' हा शब्द घरातला वाटतो, पण त्यातला 'वाड' म्हणजे काय, हे घरात कोणालाच सांगता आले नाही. शिवाय कोणी 'पितरांना' लिहितात, कोणी 'पितृंना', तर आमच्या गावाकडे 'पित्रांना' म्हणतात. यांतले शुद्ध रूप कोणते, तेही कृपया सांगावे.

---

शब्दरूपावली यांचे उत्तर

आपल्या चुलत्यांनी नेमक्या शब्दावर पेन्सिल ठेवली आहे. मी शाळेत अनेक वर्षे संस्कृत शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

'पिता' आणि 'पितर' हे मुळात दोन शब्द नाहीत, ती एकाच 'पितृ' या शब्दाची दोन रूपे आहेत. संस्कृतात प्रथमेच्या एकवचनात 'पिता', द्विवचनात 'पितरौ' आणि बहुवचनात 'पितरः' असे होते. मराठीने एकवचन आणि बहुवचन अशी दोन्ही रूपे उचलली आणि दोघांना वेगवेगळी कामे नेमून दिली : जन्मदात्यासाठी 'पिता' आणि दिवंगत पूर्वजांसाठी 'पितर'. 'नेता', 'वक्ता' हे शब्दही मुळात असेच ऋकारान्त आहेत, पण त्यांची 'नेतारः', 'वक्तारः' ही बहुवचने मराठीत स्वतंत्र शब्द म्हणून आली नाहीत. 'पितृ' शब्दाच्या बाबतीत असे घडले, याचे कारण श्राद्धविधी हेच असावे. संकल्पात आणि तर्पणात 'पितरः' हे बहुवचन इतक्या वेळा कानांवर पडत असे की ते स्वतंत्र शब्दासारखे रुजले.

संस्कृतात मात्र ही वाटणी इतकी पक्की नव्हती. कालिदासाने 'रघुवंशा'च्या पहिल्याच श्लोकात 'जगतः पितरौ वन्दे पार्वतीपरमेश्वरौ' असे म्हटले आहे. तिथे 'पितरौ' म्हणजे आई आणि वडील. त्याहून बोलके उदाहरण भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात सापडते. अर्जुन रणांगणावर नजर टाकतो तेव्हा त्याला 'पितॄनथ पितामहान्' दिसतात. पंडुराजा तर केव्हाच गेलेला होता, म्हणजे येथे 'पितॄन्' याचा अर्थ समोर शस्त्र घेऊन उभे असलेले, वडिलांच्या जागी असलेले जिवंत ज्येष्ठ असाच घ्यावा लागतो. पुढे त्याच अध्यायात तोच अर्जुन 'पतन्ति पितरो ह्येषां लुप्तपिण्डोदकक्रियाः' असे म्हणतो तेव्हा मात्र पिंड आणि उदक यांची वाट पाहणारे दिवंगत पितर त्याला अभिप्रेत आहेत. एकाच अध्यायात एक शब्द दोन अर्थांनी येतो. मराठीने त्यांतला दुसरा अर्थ तेवढा ठेवला, म्हणून आज मराठीत हयात व्यक्तीला 'पितर' म्हणणे अयोग्यच नव्हे, तर अशुभही वाटते. आपल्या काकांना जे खटकले ते भाषेच्या दृष्टीनेही बरोबरच आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. परंपरेच्या दृष्टीने केवळ मृत्यू झाला म्हणून माणूस पितर होत नाही. मृत्यूनंतर तो आधी 'प्रेत' असतो, आणि सपिंडीकरणाचा विधी झाल्यावर त्याला पितरांत जागा मिळते. हा विधी बाराव्या दिवशी करण्याची रूढी आहे. त्यात प्रेताच्या नावाचा पिंड त्याच्या पिता, पितामह आणि प्रपितामह यांच्या पिंडांत मिसळला जातो. श्राद्धात नावागोत्राने उच्चार होतो तो तीन पिढ्यांचाच, आणि त्यांना अनुक्रमे वसु, रुद्र व आदित्य यांचे रूप मानतात. त्यांच्या वरच्या तिघांना हाताला लागलेल्या पिंडाच्या लेपाचा भाग मिळतो, म्हणून त्यांना 'लेपभाक्' म्हणतात. म्हणजे पिंड देणारा धरून सात पिढ्या होतात. आपल्या कुलवृत्तांतातही सातच पिढ्या आहेत, हा योगायोग मला फार आवडला.

या सगळ्याचे तात्पर्य माझ्या मते असे की 'पितर' हा नात्याचा शब्द आहे. देणारा कोणी असला, तरच घेणारा पितर असतो. 'पूर्वज' या शब्दाचे तसे नाही. पूर्वी जन्मलेला तो पूर्वज, एवढेच तो शब्द सांगतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील यमसूक्तात 'इदं नम ऋषिभ्यः पूर्वजेभ्यः पूर्वेभ्यः पथिकृद्भ्यः' असा नमस्कार आहे. त्यात पूर्वी जन्मलेल्या आणि वाट पाडून देणाऱ्या ऋषींना वंदन केले आहे, आणि तिथे रक्ताच्या नात्याचा प्रश्नच येत नाही. अमरकोशात तर 'पूर्वज' हा 'अग्रज' शब्दाचा पर्याय, म्हणजे थोरला भाऊ, असा दिला आहे. हा अर्थ मराठीत उतरला नाही. शब्दाच्या या तटस्थपणामुळेच 'माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज' असे आपण सहज लिहितो, आणि तिथे 'समान पितर' असे लिहिण्याची कल्पनाही कोणाला सुचणार नाही.

स्त्रियांविषयी आपण विचारले, ते बरे झाले. पाणिनीचे 'पिता मात्रा' असे सूत्र आहे. माता आणि पिता यांचा एकत्र उल्लेख करताना 'पितृ' हा एकच शब्द शिल्लक ठेवता येतो आणि तो दोघांचाही बोध करून देतो. याला एकशेष म्हणतात. वर दिलेल्या 'पितरौ'त पार्वती आहे, ती या नियमानेच. महालयातही वडील, आजोबा आणि पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी आणि पणजी यांची नावे घेतली जातात, आणि आईकडच्या आजोबा-पणजोबांचीही घेतली जातात. त्यामुळे 'पितर' या शब्दात आपली पणजी निश्चितपणे येते. तो शब्द रूपाने पुरुषाचा असला, तरी व्याप्तीने तसा नाही.

राहिला शुद्धलेखनाचा प्रश्न. विभक्ती लावताना 'पितर' हेच मूळ धरावे : पितरांना, पितरांचे, पितरांसाठी. 'पितृ' हे रूप समासाच्या आरंभी येते, जसे पितृपक्ष, पितृतर्पण, पितृलोक. 'पितृंना' हे रूप टाळावे. समासातला 'पितृ' कधी वडील असतो आणि कधी पूर्वज, हे संदर्भावरून ठरते. 'पितृछत्र हरपले' यात वडील आहेत, पण 'पितृपक्ष' यात सर्व पूर्वज आहेत. 'पितृऋण' म्हणजे वडिलांचे ऋण असे अनेकजण समजतात, परंतु देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण या तिन्ही ठिकाणी मुळात बहुवचनच अभिप्रेत आहे.

---

आखाजीची घागर यांचे उत्तर

वरील उत्तर विद्वत्तापूर्ण आहे आणि त्यातून मलाही पुष्कळ शिकायला मिळाले. तरीही 'पित्रांना' या रूपाला नुसते अशुद्ध म्हणून बाजूला सारू नये, अशी माझी विनंती आहे. 'सर्वपित्री अमावास्या' हा शब्द पंचांगातही छापला जातो आणि त्यात 'पित्री' आहेच. बोलींनी 'पितर'चे 'पित्तर', 'पित्र' असे केले, ते वापरून वापरून गुळगुळीत झालेले रूप आहे. कुलवृत्तांतात प्रमाण रूपच छापावे, परंतु घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे रूप चुकीचे आहे असे त्यांना सांगू नये.

आमच्या खानदेशात 'पितर' या शब्दाची आणखी एक छटा आहे. वर तो नेहमी बहुवचनी असल्यासारखे मांडले गेले आहे, पण आमच्याकडे तो एकवचनीही चालतो. पंधरवड्यात ज्यांना दिवंगताच्या जागी जेवायला बोलावतात, त्या माणसालाच पितर म्हणतात. 'उद्या आमच्याकडे पितर म्हणून या' असे आमंत्रण वडिलांनी शेजारच्या काकांना दिलेले मी अनेकदा ऐकले आहे, आणि त्यात कोणालाही अशुभ वाटत नसे. तो मान समजला जाई. आजोबांच्या नावाने जे काका येत, त्यांच्या ताटात आजोबांना आवडणारी मेथीची भाजी पहिल्यांदा वाढली जाई आणि ते जेवत असताना आजी दाराआड उभी राही. एका दिवसापुरता जिवंत माणूस पितर होतो, ही गोष्ट कोशात सापडणार नाही, पण शब्दाच्या अर्थात तिला जागा असली पाहिजे असे मला वाटते.

आमचा पितरांचा मोठा दिवस मात्र पितृपक्षातला नाही, तो अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे आखाजीचा. त्या दिवशी मातीची नवी घागर पाण्याने भरून ठेवतात, तिच्या तोंडावर मातीचे लहान भांडे ठेवतात, आणि वर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे मांडतात. पुरणपोळी आणि आमरसाचा घास विस्तवावर टाकतात, त्याला आमच्याकडे आगारी म्हणतात. माझी आई सकाळी उंबरा धुऊन त्यावर कुंकवाची बोटे ओढत असे आणि प्रत्येक बोटाला एक नाव घेत असे. सासरे, आजेसासरे, दोन सासवा, आणि मग शेवटी एक बोट नाव न घेता ओढत असे. ते कोणाचे, असे मी लहानपणी विचारले तेव्हा ती म्हणाली, "ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, त्याचं."

वंशवेल यांनी पणजीविषयी लिहिले आहे, म्हणून एवढेच सांगते की भाद्रपद वद्य नवमीला अविधवा नवमी म्हणतात, आणि तो दिवस सवाष्ण गेलेल्या स्त्रियांचा मानला जातो. आपल्या पणजी विधवा होत्या, त्यामुळे तो दिवस त्यांचा ठरत नाही. त्यांची तिथी माहीत नसेल, तर सर्वपित्री अमावास्या सर्वांसाठीच आहे. ज्यांना मूलबाळ नव्हते, जे अविवाहित गेले, ज्यांची तिथी कोणाला आठवत नाही, त्यांचेही स्मरण त्या दिवशी होते. तुमच्या वंशावळीत ज्यांच्या नावाखाली रेघ पुढे जात नाही अशा व्यक्ती असतील, तर त्यांचाही अर्पणपत्रिकेत विचार व्हावा, कारण 'पूर्वज' या शब्दाच्या काटेकोर अर्थाने ते कोणाचेच पूर्वज होत नाहीत. पितर मात्र होतात.

---

दस्तलेखक यांचे उत्तर

मी आयुष्यभर खरेदीखते, वाटणीपत्रे आणि बक्षीसपत्रे लिहिली, त्यामुळे 'वाडवडील' आणि 'वडिलोपार्जित' या शब्दांशी माझा रोजचा संबंध आला. त्याविषयी थोडे लिहितो.

आज 'वडील' म्हटले की आपल्याला बापच आठवतो, पण हा अर्थ पुढे रूढ झालेला आहे. प्राकृतातील 'वड्ड' म्हणजे मोठा, त्यापासून 'वडील' म्हणजे वयाने किंवा मानाने मोठा. 'वडील भाऊ', 'वडील बहीण', 'वडीलधारी माणसे' या प्रयोगांत तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातील 'एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्म ठेविती' ही ओवी सर्वांना पाठ असते. तिथे गीतेतल्या 'श्रेष्ठ' या शब्दासाठी ज्ञानदेवांनी 'वडील' हा शब्द योजला आहे. घरातला सर्वांत मोठा माणूस म्हणून बापाला आदरार्थी बहुवचनात 'वडील' म्हणू लागले आणि हळूहळू तो शब्द त्यालाच चिकटला.

'वाडवडील' यातला 'वाड' हा राहण्याचा वाडा नव्हे. जुन्या मराठीत 'वाड' हे विशेषण मोठा, पुष्कळ या अर्थाने येते. त्यामुळे 'वाडवडील' म्हणजे 'थोरमोठे' यासारखी, जवळपास एकाच अर्थाच्या दोन शब्दांची जोडी आहे, ही उपपत्ती मला पटते. वाड्यात राहणारे ते वाडवडील, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. कुडाच्या घरात राहणाऱ्यांनाही वाडवडील असतातच.

'वडील' या शब्दाचा अर्थ आकसल्यामुळे व्यवहारात प्रत्यक्ष घोटाळा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दस्त लिहून घेण्यासाठी येणारा माणूस सांगतो, 'ही जमीन वडिलोपार्जित आहे.' कशी, असे विचारले की उत्तर येते, 'माझ्या वडिलांनी घेतलेली आहे.' शब्दाची फोड पाहिली तर त्याचे काही चुकत नाही, कारण वडिलांनी उपार्जित केलेली म्हणजे मिळवलेली ती वडिलोपार्जित. पण या शब्दातले 'वडील' म्हणजे बाप नव्हे, वाडवडील. हिंदू कायद्याप्रमाणे बापाने स्वतःच्या कमाईतून घेतलेली मिळकत ही त्याची स्वकष्टार्जित मिळकत होय, आणि बाप हयात असताना मुलाला तिच्यात जन्माने हक्क मिळत नाही. बाप, आजा आणि पणजा या तीन पिढ्यांकडून पुरुषवंशात वारशाने चालत आलेली मिळकत ती वडिलोपार्जित. एका शब्दाचा अर्थ नीट न कळल्यामुळे भावाभावांनी दहा दहा वर्षे दावे चालवल्याची उदाहरणे मला माहीत आहेत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

श्राद्धातल्या तीन पिढ्या आणि मिळकतीतल्या तीन पिढ्या या एकच आहेत, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. जुन्या धर्मशास्त्रात पिंड देण्याचा अधिकार आणि वारसा घेण्याचा अधिकार यांची सांगड घातलेली होती. कायद्याने पुढे ही सांगड सोडवली. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने मुलीलाही मुलाप्रमाणे जन्मानेच वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. महाराष्ट्राने त्याआधीच, 1994 मध्ये, अविवाहित मुलींपुरती ही दुरुस्ती केली होती. 'वडिलोपार्जित' हा शब्द तोच राहिला, पण तो कोणासाठी उपार्जित आहे याचे उत्तर बदलले.

आपल्या अर्पणपत्रिकेविषयी माझे मत असे की 'वाडवडील' हाच शब्द योग्य ठरेल. त्यात दिवंगत येतात आणि ज्येष्ठ हयातही सामावतात. 'वाडवडिलांपासून चालत आलेले' असे आपण म्हणतो तेव्हा बोलणारा आपल्या समोर बसलेल्या आजोबांनाही त्यात धरतो. 'बापजादे' हा शब्द मात्र वापरू नये. त्यातल्या 'जादा'चे मूळ फारसीत आहे आणि तिथे त्याचा अर्थ जन्मलेला, अपत्य असा आहे. मराठीत 'बापजाद्यांची इस्टेट' हा प्रयोग बहुधा भांडणातच ऐकू येतो, आणि अर्पणपत्रिकेला तो शोभणार नाही.

---

तळकोकणी यांचे उत्तर

एक लहानशी भर घालतो. सिंधुदुर्गात पूर्वजांसाठी 'पूर्वस' असा शब्द आहे आणि तो गावातील देवस्थानांच्या संदर्भात येतो. गावात पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या पूर्वजाला तिथे देवाच्या पंगतीत स्थान मिळते आणि गाऱ्हाणे घालताना त्याचेही नाव घेतात. गोव्यातील काही देवळांच्या आवारात 'मूळपुरुष' या नावाने वेगळी पूजा होते. कुलवृत्तांतात वंशावळीच्या टोकाला असलेल्या व्यक्तीला 'मूळपुरुष' म्हणण्याचा जो प्रघात आहे, तो शब्द तुम्ही वापरलाच असेल.

पितृपक्षातील श्राद्धाला आमच्याकडे 'म्हाळ' म्हणतात. 'महालय' या शब्दाचे ते झिजलेले रूप आहे. 'आज आमच्याकडे म्हाळ आहे' एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. काहींनी अर्पणपत्रिकेत 'पूर्वसूरींना' असे लिहिलेले मी पाहिले आहे. 'सूरी' म्हणजे विद्वान. कालिदासाने 'पूर्वसूरिभिः' म्हटले ते रघुवंशाचे वर्णन आधी केलेल्या कवींना उद्देशून. त्यामुळे आपल्या शास्त्रातील किंवा कलेतील आधीच्या अभ्यासकांना पूर्वसूरी म्हणावे. घराण्यातील माणसांसाठी तो शब्द वापरू नये.

---

वंशवेल यांचे प्रत्युत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आपुलकीने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. सगळी उत्तरे मी काल संध्याकाळी काकांना मोठ्याने वाचून दाखवली. गीतेतल्या एकाच अध्यायात 'पितर' दोन अर्थांनी येतो हे ऐकल्यावर त्यांनी मला थांबवले, कपाटातून आपली जुनी पोथी काढून आणायला सांगितली आणि ते दोन्ही श्लोक स्वतः शोधून पाहिले. 'वडिलोपार्जित'चा मजकूर ऐकताना ते बराच वेळ गप्प होते, कारण आमच्या घरातही त्या शब्दावरून एकदा दोन चुली झाल्या होत्या.

'आखाजीची घागर' यांच्या आईने ओढलेल्या त्या बिननावाच्या बोटाची आठवण माझ्या मनातून जात नाही. आमच्या वंशावळीत चार ठिकाणी नुसते 'मुलगी, अल्पवयात निधन' किंवा 'पत्नी, नाव अज्ञात' असे लिहिले आहे. या जागा मोकळ्या सोडाव्यात की काढून टाकाव्यात, यावर आम्ही मागे वाद घातला होता. त्या आता तशाच ठेवायचे ठरले आहे.

अर्पणपत्रिकेचा नवा मसुदा असा केला आहे :

'आमच्या वाडवडिलांना, आज्या-पणज्यांना, आणि ज्यांची नावे आम्हांला सापडली नाहीत त्या सर्व पितरांना.'

'पितर' हा शब्द पूर्णपणे गाळायला मन तयार होईना. या रचनेत तो केवळ त्या अज्ञात दिवंगतांकडेच जातो आणि हयात ज्येष्ठ 'वाडवडील' या शब्दात राहतात, असे मला वाटते. काकांनी हा मसुदा दोनदा वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली. यात भाषेच्या दृष्टीने काही उणे राहिले असेल, तर आजच सांगावे, कारण उद्या मजकूर छापखान्यात द्यायचा आहे.

---

शब्दरूपावली यांचे उत्तर

मसुदा उत्तम आहे. दोन सूचना करतो. 'वाडवडिलांना' या शब्दातील 'डि' ऱ्हस्व हवा. मूळ शब्द 'वाडवडील' असा दीर्घ आहे, पण उपान्त्य ईकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. छापखान्यातील अक्षरजुळणीत हा दीर्घ राहून जाण्याची शक्यता असते, म्हणून मुद्रिते तपासताना तो शब्द दोनदा पाहावा. दुसरे असे की 'आज्या-पणज्यांना' याऐवजी 'आजी-पणजींना' असा बदल कोणी सुचवेल, तो स्वीकारू नये. 'आज्या-पणज्या' हे बहुवचन बरोबर आहे, आणि तुमच्या पणजी त्यात एकट्या नाहीत.

---

आखाजीची घागर यांचे उत्तर

पुस्तक छापून आले की 'पत्नी, नाव अज्ञात' अशा नोंदी असलेल्या पानांची प्रत गावातल्या इतर भाऊबंदांनाही दाखवावी. आमच्याकडे अशीच दोन नावे माहेरच्या गावातल्या एका वृद्ध बाईंना आठवली होती.

---

वंशवेल यांचे प्रत्युत्तर

'डि' ऱ्हस्व केला. नावांच्या त्या चार जागांची यादी आज रात्रीच भाऊबंदांना पाठवतो.